वाटेतला माल

निर्धार बिजागरी लिमिटेड या कंपनीचा मी सव्वादोन वर्षं संचालक होतो, हे सांगितलं की माणसं आधी माझ्या चपलांकडे पाहतात आणि मग तोंडाकडे. त्यांचा दोष नाही. मी कॉलेजात चौतीस वर्षं ग्रंथपाल होतो आणि निवृत्तीनंतर माझ्या नावावर एक सायकल आणि एक चष्म्याची जास्तीची जोडी एवढीच भर पडली होती.

झालं ते असं. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या संचालक मंडळात काही माणसं बाहेरची ठेवावी लागतात, असा नियम आहे. त्यांना स्वतंत्र संचालक म्हणतात. कंपनीचे हिशेब लोकांपुढे जाण्याआधी या माणसांनी ते डोळ्यांखालून घालायचे असतात. त्यासाठी संगणकावर एक परीक्षाही असते. सेवानिवृत्तांच्या मंडळात कुणीतरी तिचा विषय काढला आणि वाचायला काहीतरी नवं मिळालं म्हणून मी ती दिली. पास झालो. आठवड्याभरात बद्रीनाथराव स्वतः घरी आले.

बद्रीनाथरावांची वाळूजला पन्नास एकर जमीन होती. ती एमआयडीसीत गेली, त्या पैशांतून त्यांनी बिजागऱ्यांचा कारखाना काढला, आणि पुढे त्याचे शेअरही बाजारात आणले. गळ्यात सोन्याची साखळी, हातात पेढ्यांचा बॉक्स.

"सर, तुमची लई तारीफ ऐकली," ते म्हणाले. "चौतीस वर्षांत तुम्ही कुणाला आवाज चढवून बोलला नाहीत म्हणे."

"ग्रंथालयात आवाज चढवता येत नाही," मी म्हणालो.

"बस्स. असाच माणूस पाहिजे."

ते गेल्यावर माझी बायको दमयंती म्हणाली, "तुम्ही भाजीवाल्याला सुटे पैसे परत मागत नाही. तुम्ही कंपनी काय तपासणार?"

मी पेढ्यांचा बॉक्स तिच्यापुढे केला.

पहिल्याच बैठकीआधी हिमांशू नावाच्या तरुण वित्त अधिकाऱ्याने माझ्याकडे वार्षिक अहवाल पाठवला. हिमांशू हुशार मुलगा, घराणं पूर्वी भिक्षुकीचं, आता सगळे सीए. त्याची कल्पना अशी होती की मी अहवालातले फोटो पाहीन. पण मला छापलेलं काहीही शेवटपर्यंत वाचायची वाईट खोड आहे. मी टिपांसकट वाचला, आणि मग कंपनीच्या कपाटातून मागचे आठ अहवालही मागवून घेतले.

शिल्लक मालात एक ओळ होती: 'वाटेतला माल, चौदा कोटी.' म्हणजे कारखान्यातून निघालेला, पण अजून न पोहोचलेला माल. खाली टिपेत गाडीचा नंबर दिला होता. नऊही अहवालांत गाडी तीच होती. आणि नऊही अहवालांत ती वाटेतच होती.

ग्रंथपालाला अशी गोष्ट दिसतेच. आमच्याकडे दरवर्षी पुस्तकांची मोजणी व्हायची. जागेवर नसलेलं पुस्तक हरवलं असं लिहायचं तर प्राचार्यांची सही, चौकशी, भरपाई. त्यापेक्षा 'वाचकाकडे' असं लिहिणं सोपं. मी हे हसत सांगत नाही. दौलताबादच्या किल्ल्याविषयीचा एक जुना ग्रंथ माझ्या हातून गहाळ झाला होता, आणि सतरा वर्षं मी तो इतिहासाच्या एका प्राध्यापकांकडे असल्याचं लिहीत आलो. त्यातली शेवटची नऊ वर्षं ते प्राध्यापक हयात नव्हते.

त्यामुळे बैठकीत त्या ओळीबद्दल विचारायला मी तोंड उघडलं, आणि चहा पिऊन मिटलं. ज्याचं पुस्तक मेलेल्या माणसाकडे आहे त्याने दुसऱ्याची गाडी कुठे आहे हे कोणत्या तोंडाने विचारावं? मी सही केली. पुढच्या वर्षीही केली.

पहिल्या वर्षीची वार्षिक सभा माझी तापात गेली; दुसऱ्या वर्षीच्या सभेत मात्र एक बाई उठल्या. मुक्ताबाई, घाटी या सरकारी दवाखान्यातल्या निवृत्त परिचारिका, निवृत्तीच्या पैशांतून घेतलेले सातशे शेअर. त्यांनी माईक हातात घेऊन विचारलं, "ती गाडी कुठवर आली?"

सभागृह हसलं. त्या दरवर्षी हेच विचारत असत, असं मला शेजारच्याने सांगितलं.

"ताई, गाडी चालू आहे!" बद्रीनाथराव व्यासपीठावरून म्हणाले. "अकरा वर्षं एकदाही पंक्चर सोडून थांबली नाही. टाळ्या!"

टाळ्या झाल्या. मुक्ताबाईंनी सभेत वाटलेल्या नाश्त्याच्या खोक्यातली कचोरी पर्समध्ये ठेवली आणि जाता जाता माझ्यापाशी थांबल्या. "तुम्ही बाहेरचे ना? म्हणजे आमच्या बाजूचे ना?"

मी मान हलवली. हो की नाही, ते माझं मलाही कळलं नाही. पण ती मान काही महिने माझ्या मानगुटीवर बसली. शेवटी मे महिन्याच्या सुरुवातीला, नव्या वर्षाचे हिशेब मंजूर व्हायच्या आधी, मी बद्रीनाथरावांच्या केबिनमध्ये जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "मला ती गाडी पाहता येईल का? म्हणजे, अडचण नसेल तर."

मला वाटलं होतं ते रागावतील. ते खूश झाले.

"क्या बात है! हिमांशू, सरांना गाडी दाखव. सर, बाकीचे लोक नुसती कागदावर गाडी दाखवतात. आपण खरी फिरवतो. डिझेल जाळतो, टोल भरतो, ड्रायव्हरला दुप्पट पगार देतो. याला म्हणतात नियमांची इज्जत."

"पण ती पोहोचत का नाही?"

"पोहोचली तर मोजावी लागेल ना, सर," हिमांशू समजुतीच्या स्वरात म्हणाला. "वाटेतला माल मोजायचा नसतो. लेखापरीक्षक कागद बघून लिहितात. आपलं लिखित धोरण आहे, टीप क्रमांक सात. गाडी सलग चार तासांपेक्षा जास्त एका जागी थांबली तर माल पोहोचला असं मानायचं, ती जागा गोदाम धरायची आणि सील फोडून मोजणी करायची. म्हणून ड्रायव्हर गाडी न सोडता आतच पावणेचार तास झोपतो, उठून गाडी दहा पावलं पुढे घेतो आणि परत झोपतो. आजवर एकदाही नियम मोडलेला नाही."

"आणि खोटं म्हणाल तर," बद्रीनाथराव म्हणाले, "खोटं कुठं आहे? माल वाटेत आहे, असं लिहिलंय. आहेच की वाटेत."

मला त्यात चूक काढता आली नाही. घरी येईपर्यंतसुद्धा काढता आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नगर नाक्यावर गाडी चहासाठी बारा मिनिटं थांबली तेव्हा मला आत चढवण्यात आलं. मागे पत्र्याचा बंद डबा, त्याच्या दाराला लाखेचं सील. ड्रायव्हर रामकिसन, पन्नाशीचा, पांढऱ्या मिशांचा. मला हात देऊन वर ओढत म्हणाला, "या साहेब. लई वर्षांनी पॅसेंजर घावला."

आम्ही निघालो. फेरी ठरलेली होती. दौलताबाद, तिथल्या वेशीच्या कमानीतून आरसे आत घेऊन पार, मग घाट, खुलताबाद, फुलंब्री, हर्सूल, आणि बाहेरच्या रस्त्याने परत नाक्यावर. दिवसातून दोन फेऱ्या. रविवारी फर्दापूरपर्यंत.

"फर्दापूर कशाला?" मी विचारलं.

"हवापालट," तो म्हणाला. "मालाला न्हाय, मला."

घाटात खड्डा आला आणि गाडी टुणकन उडाली. माझं डोकं टपाला लागलं.

"जपून, साहेब. उडती ती."

"चौदा कोटींचं लोखंड असून?"

रामकिसनने माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. "तेच तर म्हणतो मी. उडती ती."

त्याच्या पाठीमागे, केबिन आणि डब्याच्या मधल्या पत्र्यावर, एक फुलाफुलांचा पडदा लावलेला होता. पडदा वाऱ्याने हलत होता. म्हणजे मागे पत्रा नव्हता, भोक होतं. नुसता हात लांब करायचा होता. मी केला नाही. दुसऱ्याचा पडदा उचलायचा नसतो, असं मी स्वतःला सांगितलं. मी स्वतःला अशी बरीच वाक्यं सांगत असतो.

हर्सूलला तुरुंगाच्या पुढच्या वळणावर गाडीचा वेग पायी चालण्याइतका झाला. एक बाई रस्त्याच्या कडेने गाडीबरोबर चालू लागली आणि तिने डबा खिडकीतून वर दिला. रामकिसनने कालचा रिकामा डबा खाली दिला.

"ही भागूबाई. आमची मंडळी," तो म्हणाला. "अगं, हे कंपनीचे साहेब हायती."

"व्हय का?" भागूबाई चालता चालता माझ्याकडे बघून म्हणाली. "मग इचारा की त्यांनाच. का मीच इचारू? साहेब, ते घर दिसतंय का, निळं? यांच्या दुप्पट पगारातनं बांधलंय. सहा वर्षं झाली. हा माणूस रोज दोनदा त्याच्या म्होरून जातो आणि त्याला आतली फरशी कसली हाय ते ठाव नाय."

"आलोय की मी आत," रामकिसन म्हणाला.

"मुताया आला होता. त्याला येणं म्हणत नाय."

घर मागे पडू लागलं तशी ती भरभर चालू लागली. वास्तुशांती राहिली होती. ती झाल्याशिवाय भागूबाई नव्या घरात चूल पेटवायला तयार नव्हती, मागच्या छपरात स्वयंपाक करत होती. पूजेला नवराबायको दोघं पाटावर लागतात आणि पूजा चालते पाच तास. रामकिसनला थांबता येत होतं जास्तीत जास्त पावणेचार.

"गुरुजी म्हणत्यात, नवऱ्याच्या जागी सुपारी मांडू," तिने ओरडून सांगितलं. "बायकोच्या जागी सुपारी मांडलेली ऐकली होती. म्हटलं, जिता नवरा रस्त्यावर फिरतोय, आणि मी सुपारीपाशी बसू? मी नाय बसणार! साहेब, आता तुम्ही..."

पुढचं ऐकू आलं नाही. रामकिसनने गिअर टाकला.

"सतरा मेचा मुहूर्त हाय," थोड्या वेळाने तो म्हणाला. "तिनं ठरवूनच टाकलाय. औंदा न्हाय बसलो तर ती माहेरी जाणार, आणि तिचं माहेर फेरीत येत न्हाय."

मी घरी येऊन हे दमयंतीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिने एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, "त्या बाईने सुपारी नाही म्हटलं. बद्रीनाथरावांनी मात्र मांडली की."

"कुठे?"

"पाटावर. तुम्हाला."

त्या रात्री मी टीप क्रमांक सात पुन्हा वाचली. सतरा तारखेला सकाळी मी खिशात टीप क्रमांक सातची झेरॉक्स घालून हर्सूलला गेलो. तिथे जाऊन काय करायचं ते ठरलेलं नव्हतं. रामकिसनने मला उतरवताना 'तुम्हीबी या' म्हटलं होतं, एवढंच.

नऊ वाजून पाच मिनिटांनी रामकिसनने निळ्या घरासमोर गाडी लावली. मी वेळ लिहून ठेवली, सवयीने. तो हातपाय धुऊन उपरणं घेऊन पाटावर बसला. पाटावर बसल्यावर त्याने आधी खाली वाकून फरशीवरून हात फिरवला.

"कसली हाय?" शेजारी बसत भागूबाईने विचारलं.

"गार हाय," तो म्हणाला.

गुरुजींनी संकल्प सोडायला सांगितला. मी मागच्या भिंतीला टेकून बसलो. पुण्याहवाचन झालं, मातृका झाल्या, नवग्रह मांडले. पाहुणे पंख्याखाली जागा शोधत होते. साडेबाराला रामकिसन चुळबुळू लागला. पावणेएकला त्याने माझ्याकडे पाहिलं. तेव्हा होमाला नुकती सुरुवात झाली होती.

बारा पन्नासला हिमांशू धावत आला. गाडी एका जागी उभी असल्याचं त्याला मोबाईलवर दिसत असे.

"रामकिसन, ऊठ! दहा पावलं. फक्त दहा पावलं पुढे घे आणि परत ये."

"गुरुजी, उठू का?" रामकिसनने विचारलं.

"संकल्प सोडलाय," गुरुजी डोळे न उघडता म्हणाले. "पूर्णाहुतीपर्यंत यजमान उठत नसतो. उठला तर पहिल्यापासून."

गंमत अशी की हिमांशूला हे पटलं. त्याच्या घराण्यात शंभर वर्षं हेच सांगितलं गेलं होतं. तो कपाळावर हात मारून म्हणाला, "हो, ते बरोबर आहे. किल्ली द्या, मीच चालवतो."

"येतो का ट्रक चालवाया?" भागूबाईने विचारलं.

"नाही. पण दहा पावलंच तर आहेत."

"किल्ली वास्तुपुरुषाखाली ठेवलीय," ती म्हणाली. पूजेच्या मांडणीत, तांदळाच्या चौरंगावर, वास्तुपुरुषाची लहानशी प्रतिमा होती. तिला आता पूर्णाहुतीपर्यंत कुणी हात लावू शकत नव्हतं. गुरुजींनी एक डोळा उघडला, पाहिलं, आणि परत मिटला.

तेवढ्यात बद्रीनाथराव आले. दारात बूट काढताना ते बाहेर तुरुंगाच्या भिंतीकडे बघून पुटपुटले, "सगळं सोडून हर्सूललाच थांबवली." आत येऊन त्यांनी नमस्कार केला, कुणीतरी त्यांच्या हातावर तीर्थ दिलं, ते त्यांनी घेतलं. मग ते आणि हिमांशू बाहेर गेले आणि चार पाहुण्यांना घेऊन गाडी ढकलू लागले. गाडी गिअरमध्ये होती. हलली नाही.

एक वाजून दहा मिनिटांनी मी उठलो. पाय बधिर झाले होते. बाहेर जाऊन मी झेरॉक्स उघडली आणि म्हणालो, "टीप सातप्रमाणे, मला वाटतं, माल पोहोचला आहे."

माझा आवाज इतका लहान होता की मला ते दोनदा म्हणावं लागलं.

बद्रीनाथरावांनी घाम पुसला. "सर, तुमचं घड्याळ जुनं आहे. पुढे पळत असेल."

"काका, अहो पाच-दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे," हिमांशू म्हणाला. त्याने मला पहिल्यांदाच काका म्हटलं. "तुम्हालाच खात्री नसेल. तुम्हाला कधीच कशाची खात्री नसते."

हे खरं होतं. घड्याळ बरोबर आहे का, अशी शंका माझ्या मनात तेव्हाही होती. मी ते कानाशी धरलं. मागे दारातून धूर येत होता आणि रामकिसन पाटावरून मान वळवून माझ्याकडे पाहत होता. मला खात्री नाही, असं मी म्हटलं असतं तर कुणीतरी त्याला उठवलंच असतं.

"माझं घड्याळ मागे पडतं, हिमांशू," मी म्हणालो. "रोज सात मिनिटं. म्हणजे चार तास केव्हाच झाले."

मग मी पुण्याच्या लेखापरीक्षकांना फोन लावला. हिशेबांवर सही करायला ते आदल्या दिवशीच शहरात आले होते.

"माल पोहोचला," मी म्हणालो.

"कुठे?"

"हर्सूलला. वास्तुशांतीत."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "अहो, पण अकरा वर्षं..." आणि पुढे म्हणाले, "येतो."

ते आले तेव्हा पूर्णाहुती होऊन पंगत बसली होती. त्यांना आधी जेवायला बसवलं. मग सगळ्यांसमोर सील फोडलं. दाराशी बिजागऱ्यांची अकरा खोकी होती. दोन भरलेली, नऊ रिकामी. खोक्यांच्या मागे एक संसार होता. लेखापरीक्षकांनी नियमाप्रमाणे एकेक वस्तू उच्चारली आणि मी लिहून घेतली: खाट एक, गॅसची शेगडी एक, दोरीवर दोन सदरे, देवाचा फोटो एक, भिंतीवरची कॅलेंडरं अकरा, खलबत्ता एक.

"माझा खलबत्ता!" भागूबाई ओरडली. "सहा वर्षं शोधतीया मी! जावेवर आळ घेतला!"

"तिकडं ठेचा करावा वाटायचा," रामकिसन मान खाली घालून म्हणाला.

"याची किंमत किती धरायची?" लेखापरीक्षकांनी विचारलं. हिमांशू पंगतीच्या उष्ट्या पत्रावळीपाशी खाली बसला आणि रडू लागला. भागूबाईने त्याला पाणी दिलं.

कंपनीने शेअर बाजाराला रीतसर कळवलं, 'अकरा वर्षे वाटेत असलेला माल सुखरूप पोहोचला असून त्याचे स्वरूप अपेक्षेपेक्षा वेगळे असल्याचे आढळले आहे.' लोकांनी पहिला अर्धा भाग वाचला आणि त्या दिवशी शेअर वर गेला. दुसऱ्या दिवशी उरलेला अर्धा वाचला. पंचेचाळीसचा शेअर चारावर आला. बद्रीनाथरावांची चौकशी सुरू आहे. ते अजूनही सगळ्यांना सांगतात की गाडी खरी होती.

मला वाटलं होतं मुक्ताबाई माझे आभार मानतील. त्या घरी आल्या, चहा घेतला, मी सांगितलं ते सगळं ऐकलं, आणि शांतपणे म्हणाल्या, "पहिल्या वर्षी वाचलं होतंत ना तुम्ही? तेव्हा विचारलं असतंत तर मी माझे विकून मोकळी झाले असते." दमयंतीने माझ्याकडे पाहिलं नाही, म्हणून मीच मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाऊन मी त्या किल्ल्याच्या ग्रंथाची गोष्ट नव्या ग्रंथपाल बाईंना सांगितली. त्यांनी दप्तर काढून पाहिलं. त्यांच्याही नोंदीत तो अजून त्या प्राध्यापकांकडेच होता.

मागच्या रविवारी हर्सूलला गेलो होतो. रामकिसनची नोकरी गेली आहे, तो आता एका शाळेची बस चालवतो. ती रोज संध्याकाळी पाचला थांबते. दुपारचा तो आत झोपला होता. भागूबाईने मला ओट्यावर बसवलं, चहा ठेवला, नव्या घरातल्या चुलीवर.

"झोप लागते का त्यांना आता?" मी विचारलं.

"लागती. पण बघा की तुम्हीच," ती म्हणाली. "पावणेचार तास व्हतच आल्यात."

थोड्या वेळाने रामकिसन बाहेर आला. डोळे अर्धे मिटलेले. आमच्याकडे न बघता तो अंगणात उतरला, मोजून दहा पावलं चालला, निळ्या भिंतीला हात लावून थोडा उभा राहिला, आणि परत आत जाऊन झोपला.